रिअल अ‍ॅनालिसिस ऑनलाइन शिकताना

नागपूर

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. अ‍ॅनालिसिसच्या (कॅल्क्युलस सिद्धतेसकट शिकायच्या विषयाच्या) अकरा प्लेलिस्ट, सात पीडीएफ, आणि त्यातलं पूर्ण एकही नाही. साहित्य भरपूर आहे, तुला ते निवडता येत नाहीये. म्हणून आजचं पत्र निवडीबद्दलच.

एका विषयाला एकच मुख्य पुस्तक ठेव. याला कारण आहे. एका पुस्तकात कॉम्पॅक्ट सेटची व्याख्या ओपन कव्हरने केलेली असते, दुसऱ्यात सिक्वेन्सने. या दोन व्याख्या सारख्याच आहेत हे मेट्रिक स्पेसमधलं (जिथे बिंदूंतलं अंतर मोजता येतं) एक प्रमेय आहे. अर्धं इथून अर्धं तिथून वाचलंस, तर जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरून बसशील आणि चूक कुठे झाली ते सापडणारही नाही.

अ‍ॅनालिसिससाठी यिर्झी लेबल यांचं ‘बेसिक अ‍ॅनालिसिस’ घे. लेखकानेच ते मोफत ठेवलंय. एमआयटी ओपनकोर्सवेअरवरच्या केसी रॉड्रिग्ज यांच्या १८.१००ए या क्रमांकाच्या मोफत कोर्सला हेच पाठ्यपुस्तक आहे, त्यामुळे व्हिडिओ आणि पुस्तक एकमेकांशी जुळतात. लिनिअर अल्जिब्रासाठी गिल्बर्ट स्ट्रँग यांच्या तिथल्याच १८.०६ या कोर्सची स्कॉलर (स्वतः शिकणाऱ्यांसाठीची) आवृत्ती बघ; तिच्यात प्रश्नांची उत्तरंही आहेत. ती मॅट्रिक्सपासून सुरू होते. सिद्धतेच्या वाटेने जायचं असेल तर शेल्डन अ‍ॅक्सलर यांच्या ‘लिनिअर अल्जिब्रा डन राइट’ या पुस्तकाची चौथी आवृत्ती मोफत आहे, पण त्यात डिटर्मिनंट अगदी शेवटी येतो. ही दोन्ही एकाच महिन्यात उघडू नकोस.

नवीन नोट्स हाती आल्या की पहिलं पान वाचत बसू नकोस. थेट युनिफॉर्म कंटिन्युइटीवर जा. तिथे क्ष² हे फंक्शन संपूर्ण वास्तव रेषेवर युनिफॉर्मली कंटिन्युअस का नाही, हे लिहिलंय का बघ. न ही कुठलीही नैसर्गिक संख्या धरून क्ष = न आणि य = न + १/न घे. दोन बिंदूंतलं अंतर १/न, म्हणजे हवं तितकं लहान करता येतं. पण वर्गांमधला फरक २ + १/न², म्हणजे कायम २ पेक्षा जास्त. एप्सिलॉन (किमतींमध्ये चालणारा फरक) २ घेतला की कुठलाच डेल्टा (बिंदूंतलं ठेवायचं अंतर) पुरत नाही. साध्या कंटिन्युइटीत डेल्टा बिंदूनुसार बदलला तरी चालतो, इथे सगळ्या बिंदूंना मिळून एकच लागतो. हा फरक ज्या नोट्समध्ये असा उदाहरणासकट उलगडलेला नाही, नुसती व्याख्या देऊन पुढे गेलेत, त्या बाजूला ठेव. मग प्रकरणाच्या शेवटी बघ: ‘सिद्ध करा’ असे निदान दहा प्रश्न तरी हवेत.

एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण योजनेचे) कोर्स चांगले आहेत, नावनोंदणी मोफत आहे, शुल्क फक्त परीक्षेला. पण तिथल्या आठवड्याच्या असाइनमेंट बहुतेक संगणकच तपासतो, म्हणून त्या पर्यायी किंवा आकड्यात उत्तर द्यायच्या असतात. जॅमलाही (आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेलाही) तेच चालतं. आयएसआयच्या (भारतीय सांख्यिकी संस्थेच्या) एम.मॅथ प्रवेशाला मात्र सिद्धता लिहून द्यावी लागते, आणि ती सवय पर्याय निवडून लागत नाही.

व्हिडिओ बघताना प्रमेय फळ्यावर आलं की थांबव. वीस मिनिटं स्वतः प्रयत्न कर, मगच पुढे जा. तासाभराच्या व्हिडिओमागे तीन तास वहीवर गेले पाहिजेत. मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाय ठेवता येत नाही, तेव्हा हे तास सहज मिळतात. फक्त व्हिडिओ सकाळीच डाउनलोड करून ठेव, दुपारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही. प्रश्नांची पानं धरमपेठेतल्या एखाद्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घे. स्क्रीनवर प्रश्न ‘वाचून झाला’ असं वाटतं, कागदावर तो सुटलेला नाही हे दिसत राहतं.

अडलीस तर मॅथ स्टॅक एक्स्चेंज हे गणिताच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ आहेच. नुसता प्रश्न टाकलास तर तो बंद करतात. तू काय करून पाहिलंस आणि नेमकी कुठली ओळ अडली ते लिही. आधी ‘अप्रोच झिरो’ या गणिताच्या शोधयंत्रावर सूत्र टाकून शोध, बहुतेक प्रश्न आधीच विचारलेले असतात. एआयकडून घेतलेली सिद्धता ओळीओळीने तपास: कुठलं गृहीतक कुठे वापरलं, यावर बोट ठेवता आलं नाही तर ती फाडून टाक.

आणि एमटीटीएसकडे (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) लक्ष ठेव. १९९३ पासून चालणारं हे उन्हाळी शिबिर आहे; तिथे मुलांना प्रश्न विचारत विचारतच शिकवतात. अर्जाची तारीख त्यांच्या संकेतस्थळावर वेळोवेळी बघत जा.

बाकीच्या दहा प्लेलिस्ट आजच काढून टाक. लेबलच्या पहिल्या प्रकरणातल्या सुप्रीममवरच्या (सेटच्या सर्वांत लहान वरच्या सीमेवरच्या) पाच सिद्धता लिही आणि रविवारपर्यंत वहीचे फोटो पाठव. खोडलेल्या ओळी तशाच राहू दे, मला त्याच बघायच्या आहेत.

तुझे,
सर