सीएनए करताय? नव्या लॅबमध्ये आधी रक्तदाबावर हात बसवा

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात सीएनएला (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे परिचर्या सहाय्यकाच्या अभ्यासक्रमाला) प्रवेश घेताना नव्या इमारतीपेक्षा तासांची चौकशी आधी करा. केंद्रीय नियमाने किमान 75 तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातले 16 तास देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामाचे. बऱ्याच राज्यांत त्याहून जास्त. वर्ग सुटल्यावर लॅब सरावाला उघडी असते का, हे जरूर विचारा. खरा फरक तिथेच पडतो.

सुरुवात रक्तदाबापासून करा, बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. कफची (दंडाला गुंडाळायच्या हवेच्या पट्ट्याची) खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, कफवरची खूण धमनीवर, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला. मनगटाची नाडी लागेनाशी झाली की काटा आणखी 30 मिमी (पाऱ्याचे मिलिमीटर, दाबाचं माप) वर जाईल इतकी हवा भरा, मग सेकंदाला 2 ते 3 मिमी या वेगाने सोडा. नवखे हवा सोडायचा स्क्रू झटकन उघडतात. काटा धावतो, स्टेथोस्कोपमधला पहिला ठोका हुकतो आणि वरचा आकडा कमी येतो. हुकलाच तर मध्येच पुन्हा हवा भरू नका. कफ पूर्ण रिकामा करून मिनिटभर थांबा. कफ लहान पडला तर आकडा उगाच जास्त दिसतो.

सरावाच्या पुतळ्याजवळ बॉलपेन आणि बीटाडीन नेऊच नका, त्या त्वचेवरचे डाग सहसा निघत नाहीत. आणि पुतळा असला तरी "आता कफ बांधते हं" असं सांगूनच हात लावा. परीक्षेत ते बोलणंही तपासतात. हात धुताना साबण 20 सेकंद चोळा, बोटं खाली, नळ कोरड्या कागदी टॉवेलने बंद. उघड्या हाताने नळाला स्पर्श झाला, तर पुन्हा पहिल्यापासून धुवा.