बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे, तरी सर्व्हरवर व्हीएम का सुरू होत नाही?

तुम्ही लिहिलंय की बायोसमध्ये व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय) दोनदा तपासलं, 'एनेबल्ड'च आहे, तरी लिनक्सवर व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, सुरू करताना केव्हीएम (लिनक्सचा स्वतःचा हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) उपलब्ध नाही असा एरर येतो. तिसऱ्यांदा बायोसमध्ये जाऊ नका. आधी एलएससीपीयू ही कमांड चालवा आणि 'हायपरव्हायझर व्हेंडर' अशी ओळ दिसते का ते बघा.

दिसली, तर बहुतेक वेळा अर्थ एकच: तुम्ही लॉगिन केलेलं मशीन स्वतःच एक व्हीएम आहे. हसू नका, मी यात एक अख्खी रात्र घालवलीय. रिमोट कन्सोलवरून खऱ्या सर्व्हरचा बायोस चारदा उघडून पाहिला, आणि टर्मिनल मात्र त्याच सर्व्हरवरच्या एका व्हीएमचं उघडं होतं. बायोस बरोबर होता, मीच चुकीच्या मजल्यावर उभा होतो.

अशा वेळी दुरुस्ती खालच्या होस्टवर, म्हणजे ती व्हीएम ज्या खऱ्या मशीनवर चालते तिथे करायची असते. व्हीएमच्या आत व्हीएम चालवण्याला नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. होस्ट केव्हीएमचा असेल तर केव्हीएम-इंटेल मॉड्यूलचा 'नेस्टेड' पॅरामीटर चालू हवा (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 4.20 पासून तो मुळातच चालू असतो) आणि व्हीएमचा सीपीयू प्रकार 'होस्ट' ठेवायला हवा. प्रॉक्समॉक्समध्ये (केव्हीएमवर चालणारी सर्व्हर प्रणाली) लोक इथेच अडकतात, कारण तिथला डिफॉल्ट सीपीयू प्रकार व्हीएमएक्स फ्लॅग (प्रोसेसरमध्ये व्हीटी-एक्स असल्याची खूण) आत पोचूच देत नाही. व्हीएमवेअरमध्ये आणि हायपर-व्हीमध्ये यासाठी प्रत्येक व्हीएमला वेगळी सेटिंग आहे. ती बदलताना व्हीएम पूर्ण बंद हवी.

ती ओळ नसेल, म्हणजे मशीन खरंच लोखंडाचं असेल, तर डीएमईएसजी या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या संदेशांमध्ये केव्हीएम शोधा. 'डिसेबल्ड बाय बायोस' अशा अर्थाचं काही दिसलं तर बायोसच्या पडद्यापेक्षा त्या ओळीवर विश्वास ठेवा. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये फीचर कंट्रोल नावाचा एक रजिस्टर असतो. मशीन सुरू होताना फर्मवेअर (म्हणजे बायोसच) त्यात व्हीएमएक्स चालू की बंद हे लिहितं आणि लॉक बिट लावून टाकतं. एकदा लॉक लागलं की पुढच्या रीसेटपर्यंत कर्नललाही तिथे काही बदलता येत नाही. काही बोर्डांवर सेटिंग बदलून नुसतं रीबूट केलं तर जुनंच मूल्य राहतं. म्हणून सेव्ह केल्यावर मशीन पूर्ण बंद करा, जमल्यास पॉवर केबलही काढा, मिनिटभराने सुरू करा. मग सीपीयूइन्फो या प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये व्हीएमएक्स फ्लॅग बघा. पण कर्नल जुना असेल तर फ्लॅग दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका: बायोसने बंद केलेलं असतानाही जुने कर्नल तो दाखवत असत. एएमडी असेल तर फ्लॅगचं नाव एसव्हीएम, आणि बायोसमध्येही बहुधा 'एसव्हीएम मोड' असंच लिहिलेलं असतं. 'व्हर्च्युअलायझेशन' शब्द शोधत बसलात तर सापडणार नाही.

डेव्ह फोल्डरमध्ये केव्हीएम नावाची फाइल आहे, पण 'परमिशन डिनाइड' येतंय? मग हार्डवेअरचा काही संबंध नाही. युजरला केव्हीएम ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा.

आणखी एक, हल्ली वाढलेलं दुखणं. व्हीटी-एक्स चालू असतं, पण ते आधीच दुसऱ्या कोणी धरून ठेवलेलं असतं. कर्नल 6.12 पासून केव्हीएम मॉड्यूल लोड होतानाच ते ताब्यात घेतं, त्यामुळे त्याच होस्टवर व्हर्च्युअलबॉक्स हा दुसरा हायपरव्हायझर 'व्हीएमएक्स रूट मोड'चा एरर देऊन थांबू शकतो. केव्हीएम मॉड्यूल काढून टाकलं की चालतो. विंडोजवर हेच काम हायपर-व्ही किंवा 'मेमरी इंटेग्रिटी' ही सुरक्षा सोय करते. सिस्टीमइन्फो कमांडमध्ये हायपरव्हायझर सापडल्याची ओळ दिसली की समजा जागा भरलेली आहे. एका सर्व्हरवर एकच हायपरव्हायझर ठेवा, असं माझं स्पष्ट मत.

बायोसमध्ये शेजारीच व्हीटी-डी दिसेल. ते पीसीआय कार्ड थेट व्हीएमला देण्यासाठी असतं. तुमच्या एररशी त्याचं देणंघेणं नाही, आत्ता आहे तसंच राहू द्या.