वाचकांचे प्रश्न : आईचा चष्मा आणि वॉर्डातले संशोधन

प्रश्न : माझी आई ७९ वर्षांची आहे. मोरीत पाय घसरून तिचे खुब्याचे हाड मोडले आणि पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. आदल्या संध्याकाळी एक तरुण डॉक्टर चार पानी संमतिपत्र घेऊन आल्या. दाखल रुग्णांची सुरक्षितता आणि देखभाल यांवर वॉर्डात अभ्यास चालू आहे, त्यात आईचा सहभाग हवा आहे, असे त्या म्हणाल्या. आईवर प्रयोग नकोत म्हणून मी सही केली नाही. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रात्री आई बरळू लागली, मला माझ्या दिवंगत मावशीच्या नावाने हाका मारू लागली, सलाइनची नळी उपसू लागली. तीन दिवसांनी ती भानावर आली. आता घरात वॉकर घेऊन चालते. अशा अभ्यासात रुग्णावर नेमके काय करतात? आणि माझ्या नकारामुळे आईच्या देखभालीत काही कमी पडले असेल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तोच आपल्याला टोचत असावा. संशोधनाला नकार दिला म्हणून रुग्णाच्या नेहमीच्या उपचारांत काहीही कमी करता येत नाही. नवी पद्धत जुनीपेक्षा सरस आहे की नाही, हे ठाऊक नसते म्हणूनच तर अभ्यास हाती घेतलेला असतो. तेव्हा सही केली असती तर आईचा त्रास टळला असता, असे म्हणायला कोणताही आधार नाही. हा सल आपण मनातून काढून टाकावा.

'प्रयोग' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नवी गोळी किंवा नवे इंजेक्शन येते. या प्रकारच्या अभ्यासांत बहुतेक वेळा रुग्णालयाची कामाची रीत तपासली जाते : ड्यूटी बदलताना परिचारिका एकमेकींना काय सांगतात, रुग्णाला पहिल्यांदा केव्हा उभे करतात, हात केव्हा धुतात. पुष्कळदा एकेका रुग्णाची निवड न करता पूर्ण वॉर्डच चिठ्ठ्या टाकून निवडतात. काही वॉर्डांत नवी रीत, काही वॉर्डांत जुनी, आणि काही महिन्यांनी दोन्हीकडचे पडणे, जंतुसंसर्ग, मृत्यू यांची तुलना.

इतके साधे तपासायला अभ्यास कशाला, असे वाटेल. पण साधी अक्कल इथे वरचेवर तोंडावर आपटते. रुग्ण उठू लागताच वाजणारी खाटेची घंटा घ्या. ती लावली की रुग्ण पडणार नाहीत, हे कोणालाही पटेल. अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या १६ विभागांत अशी तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले, आणि घंटांचा वापर वाढूनही पडण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी झाले नाही. शस्त्रक्रियागृहातील सुरक्षा-तपासणी यादीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने नवी दिल्लीसह आठ शहरांत ती वापरून पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांत तशाच याद्या आल्या, तेव्हा २०१४ च्या अहवालात मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. माझे मत विचाराल तर, यादी मोठ्याने वाचून सगळ्यांनी थांबून ऐकणे आणि शस्त्रक्रिया आटोपल्यावर एकट्याने बसून चौकटींत खुणा करणे, या दोन्ही गोष्टी कागदावर सारख्याच दिसतात.

आता आपल्या आईच्या बरळण्याविषयी. जुनी माणसे याला 'वात झाला' म्हणत; वैद्यकीय नाव डिलिरियम. वयस्क रुग्णांत, विशेषतः खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर, तो पुष्कळ आढळतो. हे वेड नव्हे, आणि पूर्वीपासूनचा विसराळूपणाही नव्हे. वेदना, जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, काही औषधे, मोडलेली झोप यांचा एकत्रित भार मेंदूवर पडतो. अमेरिकेत ७० वर्षांवरील ८५२ दाखल रुग्णांचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला आज वार कोणता, आपण कुठे आहोत हे रोज सांगितले गेले, वेळेवर पाणी पाजले, लवकर चालवले, रात्री गोंगाट कमी ठेवला, चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी दिले. त्या गटात ९.९ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, नेहमीच्या देखभालीतल्या गटात १५ टक्क्यांना. हे रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, हे लक्षात ठेवावे. आणखी एक बाब तितकीच महत्त्वाची : एकदा डिलिरियम झाल्यावर त्याची तीव्रता या उपायांनी कमी झाली नाही. म्हणजे जे करायचे ते पहिल्या दिवसापासून.

आपल्याकडे नेमके उलटे घडते. दाखल करताना 'हरवेल, फुटेल' म्हणून चष्मा, कवळी, कानाचे यंत्र एका पिशवीत घालून नातेवाईक घरी पाठवून देतात. रात्री दोन वाजता जाग आलेल्या आजींना समोरचे धूसर दिसते, सिस्टरचे बोलणे ऐकू येत नाही, आणि हाताला काहीतरी बांधलेले असते. त्यांनी ते उपसून टाकू नये तर काय करावे? मी तरी सकाळच्या फेरीत वयस्क रुग्णाच्या उशाशी चष्मा नसला, तर केसपेपर उघडण्यापूर्वी त्याचीच चौकशी करतो.

पुन्हा कधी असे संमतिपत्र समोर आले तर सही करण्याची घाई नको, आणि नाकारण्याचीही नको. कागद मराठीत मागावा, एक रात्र ठेवून घ्यावा. नेहमीपेक्षा वेगळे काय होणार, जास्तीचे रक्त घेणार का, माहिती कोण पाहणार, हे विचारावे. नैतिकता समितीची मंजुरी आहे का आणि तिच्याशी संपर्क कसा साधायचा, हे कागदावर असलेच पाहिजे. या समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार आणि एक सर्वसामान्य नागरिकही असतो. अभ्यासातून केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येते. रुग्ण भानावर नसेल तर कायद्याने मान्य असलेला प्रतिनिधी सही करतो, पण रुग्ण सावरल्यावर त्याची स्वतःची संमती पुन्हा घ्यावी लागते. आणि आपल्या बाबतीत एक राहूनच गेले : आदल्या संध्याकाळी आई पूर्ण शुद्धीत होत्या, तेव्हा विचारायला हवे होते त्यांनाच.

प्रश्न : वडील रुग्णालयात असताना प्रत्येक औषधाआधी सिस्टर त्यांना नाव आणि जन्मतारीख विचारत. पाचव्या दिवशीही ओळख पटू नये, हा हलगर्जीपणा नाही का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : हलगर्जीपणा तर नाहीच. रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी आणि त्यांत खोलीचा क्रमांक धरू नये, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००७ पासून केलेली आहे, कारण खाटा बदलतात आणि एकाच वॉर्डात दोन पाटील असतात. सिस्टरने चेहरा ओळखला तरी हातातली गोळी त्याच चेहऱ्याची आहे, हे त्यातून ठरत नाही. खरी चूक 'तुम्ही पाटीलकाका ना?' असे विचारण्यात होते. कमी ऐकू येणारा माणूस कोणत्याही नावाला मान डोलावतो. सिस्टर असे विचारू लागल्या, तर वडिलांना पूर्ण नाव स्वतःच्या तोंडाने सांगू द्या आणि मनगटावरची पट्टी पुढे करायला सांगा.