जुना रेडिओग्राम थेट प्लगला लावू नका, आणि आतलं काही काढूही देऊ नका

गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, ज्याच्यावर इतकी वर्षं टीव्ही ठेवला होता तो आजोबांचा रेडिओग्राम, म्हणजे एकाच कपाटात रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर, आता तुमच्याकडे आलाय, चालू करून बघू का असं विचारलंत. वर ओळखीचा मेकॅनिक म्हणतोय की आतलं सगळं काढून ब्लूटूथचा बोर्ड बसवून देतो. माझं उत्तर दोन्हीला नाही. चांगलं सागवानी कपाट आहे म्हणून तेवढंच ठेवायचं आणि आतलं भंगारात द्यायचं, हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण हे सेट दुरुस्त होण्यासाठीच बनवलेले असायचे, झाकण काढलं की प्रत्येक पार्ट हाताला लागतो.

आता प्लग का नको. व्हॉल्व सेटमध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व) चालणाऱ्या सेटमध्ये, अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि तो गाळणारे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर इतकी वर्षं बंद राहून खराब झालेले असतात, एकदम २३० व्होल्ट दिले की ते शॉर्ट होतात आणि जाताना रेक्टिफायर व्हॉल्व (एसीचा डीसी करणारा), कधीकधी मेन ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. म्हणून आधी सिरीज लॅम्प लावायचा, म्हणजे सेटला वीज बल्बमधूनच जाईल असा बल्ब जोडायचा, जुना पिवळा ६० किंवा १०० वॉटचा बल्ब, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटूनच राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे.

पण सगळ्यात जास्त सेट मारतो तो एक छोटासा मेणाचा पेपर कंडेन्सर. आउटपुट व्हॉल्वच्या (स्पीकर वाजवणाऱ्या) ग्रिडला, म्हणजे करंट ताब्यात ठेवणाऱ्या जाळीला, जोडलेला असतो, बहुतेक वेळा .०१ मायक्रोफॅरडचा. तो लीक झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, व्हॉल्व गरजेपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो, आतली प्लेट लालबुंद होते आणि तरीही रेडिओ वाजत असतो, त्यामुळे लोकांना वाटतं सेट मस्त आहे. आउटपुट व्हॉल्व ईएल ८४ असेल तर २ नंबरच्या पिनवर मीटर लावून बघा, तिथे जवळजवळ शून्य पाहिजे, एक-दोन व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले की तो कंडेन्सर गेला. मी तर मोजतही बसत नाही, पहिल्या दिवशीच काढून ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर टाकतो, लॅमिंग्टन रोडला अगदी किरकोळ पैशात मिळतो. डीसी गाळणारे ते फिल्टर कंडेन्सर बदलताना मात्र जास्त मोठा म्हणजे जास्त चांगला असं करू नका, ईझेड ८० या रेक्टिफायर व्हॉल्वला पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर झेपत नाही.

व्हॉल्वचे नंबर यू ने सुरू होत असतील, म्हणजे यूसीएच, यूसीएल वगैरे, तर तो एसी-डीसी सेट, त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि पत्र्याची चासी (सगळे पार्ट बसवलेला सांगाडा) थेट लाइनला असू शकते. त्याला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला लाइनपासून वेगळा ठेवणारा ट्रान्सफॉर्मर) हात लावायचा नाही, नवीन माणसाने तर नाहीच. आणि कुठलाही सेट असो, प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो, १० के ५ वॉटचा रेझिस्टन्स लावून तो उतरवा, मीटरवर शून्य बघा, मगच आत हात घाला.

मुंबईच्या दमट हवेने आणखी दोन गोष्टी जातात. एक म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मरची (आउटपुट व्हॉल्व आणि स्पीकर यांच्या मधला) प्रायमरी, म्हणजे व्हॉल्वकडचं वेटोळं, केसासारखी बारीक तार असते, हिरवी पडून तुटते. बंद सेटवर मीटर लावा, काहीशे ओहम आले तर शाबूत. तुटलेली असेल तर चालू करायचं नाही, नाहीतर आउटपुट व्हॉल्वची स्क्रीन ग्रिड (आतली दुसरी जाळी) जळते. रिवाइंडिंग करून मिळतं, फक्त त्यांना बजावून सांगा की कोरच्या लोखंडी पट्ट्या जशा होत्या तशाच बसवा, ई आकाराच्या एका बाजूला, आय आकाराच्या दुसऱ्या बाजूला आणि मधे कागद, कारण सवयीने आलटून पालटून बसवल्या की कोर सॅच्युरेट होतो आणि आवाज बसतो.

दुसरी गोष्ट रेकॉर्ड प्लेअरची कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट असतं, ते ओल शोषून अक्षरशः विरघळतं. चेंजर (रेकॉर्ड फिरवणारा भाग) फिरतोय, सुई टेकली की अगदी बारीक किणकिण ऐकू येते पण स्पीकर गप्प, तर बहुतेक हेच. तिथे सिरॅमिक कार्ट्रिज बसते, चोर बाजारात मटण स्ट्रीटला शोधाशोध केली तर मिळू शकते. तिथनंच अख्खा चेंजर घ्यायचा झाला तर आधी मोटरवरची पट्टी वाचा, ६० सायकलचा असेल तर आपल्याकडे ३३ चा स्पीड साधारण २८ वर येतो आणि गाणारी बाई पुरुषासारखी गायला लागते.

बाकी मेकॅनिकलचं काम सोपं आहे. जुनं घट्ट झालेलं ग्रीस पुसा, मोटरच्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब द्या, रबरी आयडलर व्हील (मोटरची गती थाळीला देणारं चाक) आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, त्याला तेल लागू देऊ नका. आणि तेच आयसोप्रोपाइल किंवा स्पिरिट ७८ च्या लाखेच्या रेकॉर्डला चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते. ७८ ची सुई जाड, एलपीची बारीक, कार्ट्रिजवरची कळ फिरवायला विसरलात तर एलपी कायमची खरवडली जाते.

रेडिओ चालू झाला की खरखर येणारच, घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून बघा, मग गॅलरीपर्यंत एक लांब वायर टाका. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झवर, म्हणजे डायलवर मीटरमध्ये आकडे असतील तर ५३८ च्या आसपास, अगदी शेवटाकडे.

तूर्तास मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढा, मऊ ब्रशने धूळ झाडा आणि व्हॉल्वचे नंबर इथे लिहा. काचेवरची अक्षरं ओल्या फडक्याने पुसू नका, ती लगेच निघून जातात आणि मग कुठला व्हॉल्व कुठला ते ओळखणं अवघड होऊन बसतं.