चुकलेल्या दिवसाबद्दल

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा निरोप मी सकाळी वाचला. तीस दिवस रोज योगासनं करायच्या तुझ्या संकल्पातले तेरा दिवस सलग झाले, चौदावा चुकला, म्हणून आज दुप्पट करणार: बाराऐवजी चोवीस सूर्यनमस्कार आणि सगळी आसनं दोनदा, "म्हणजे हिशेब जुळेल." हे पत्र वेळेत पोचलं तर आधी एवढंच ऐक, आज दुप्पट करू नकोस. रोजचं आहे तेवढंच कर, जमलं तर थोडं कमीच.

शरीराचं कारण साधं आहे. प्रत्येक नमस्कारात तू पूर्ण अंग दोन तळव्यांवर खाली नेतेस. बारा घालायची सवय असलेल्या खांद्यांना अचानक चोवीस घालायला लावलेस की शेवटच्या सात-आठ आवर्तनांत कोपरं बाहेर पडतात, कंबर लोंबते आणि भार मनगटांवर नि खांद्याच्या पुढच्या बाजूवर जातो. शिवाय स्नायूंचं असं दुखणं त्याच दिवशी येत नाही, एक ते तीन दिवसांनी चढतं. म्हणजे पंधरावा दिवस शूरपणात जाईल आणि सतराव्याला तू अंथरुणातून उठताना मला शिव्या देशील.

पण खरी अडचण हिशेब हा शब्दच आहे. भरपाई एकदा सुरू झाली की आसन म्हणजे हप्ता होतो. दोन दिवस चुकले तर तिप्पट, तीन चुकले तर चौपट, आणि मग एका सकाळी थकबाकी एवढी दिसते की माणूस मॅट गुंडाळून कपाटावर टाकतो. महिना अर्ध्यावर सोडलेले माझे बहुतेक विद्यार्थी चुकलेल्या दिवसामुळे सुटले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या भरपाईमुळे सुटले.

हठप्रदीपिका हा स्वात्मारामांचा पंधराव्या शतकातला ग्रंथ. त्यात योग कशाने नष्ट होतो ते एका श्लोकात सांगितलं आहे: अत्याहार, प्रयास म्हणजे अति श्रम, प्रजल्प म्हणजे वायफळ बडबड, नियमाग्रह, जनसंग आणि लौल्य म्हणजे चंचलपणा. यातल्या चौथ्या शब्दाशी जरा थांब. शाळेत सवर्णदीर्घ संधी शिकली असशील. नियम अधिक आग्रह, नियमाग्रह. नियम अधिक अग्रह, म्हणजे नियम न धरणं, याचाही संधी नियमाग्रहच! टीकेत आग्रहाचा अर्थ घेतलेला आढळतो, काही जण दुसराही लावतात. मला तर दोन्ही एकाच शब्दात राहिलेले बरे वाटतात. तेरा दिवस तुला दुसऱ्या अर्थाची भीती होती. चौदाव्या रात्री पहिल्याने गाठलं.

त्या पहिल्याने मला चांगलंच गाठलं होतं, म्हणून हे लिहिते आहे. तिशीत मीही असाच महिना ठरवला होता. एकोणिसाव्या दिवशी पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकताना, डाव्या बैठकीच्या हाडापाशी बारीक टोचलं. मांडीच्या मागचे स्नायू तिथूनच निघतात. थांबायला हवं होतं. पण अकराच दिवस उरले होते, आणि एकोणीस खुणा केलेला कागद भिंतीवरून माझ्याकडे बघत होता. तीस पुरे केले. पुढचे चार महिने खुर्चीवर नीट बसता येईना, आणि त्या चार महिन्यांत योग किती झाला असेल ते तूच ठरव. तेव्हापासून एक खूण पाळते, तूही पाळ. ताण स्नायूच्या मधल्या भागात पसरट जाणवला तर चालू ठेवायचं. दुखणं सांध्यापाशी किंवा हाडापाशी असेल आणि त्यावर एक बोट ठेवून "इथे" असं सांगता येत असेल, तर त्या दिवशी ते आसन बंद.

बरं, एक दिवस चुकल्याने काय बिघडतं? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयी १२ आठवडे पाहिल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एखादी खेप चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. सवय अंगवळणी पडायला मात्र साधारण ६६ दिवस लागले, आणि तेही माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे अर्थात गणिताने काढलेले अंदाज आहेत). तेव्हा तिसाव्या दिवशी काही आपोआप होईल अशी वाट बघू नकोस. एकतिसाव्या दिवशीही उठायचा कंटाळा येणारच आहे. तीस हा आकडा कुणाच्या तरी सोयीचा आहे, तुझ्या शरीराला तो ठाऊक नाही.

आता कंटाळ्याचं. "मोटिव्हेशनच गेलंय" असं तू लिहिलंस, पण त्या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पतंजलींनी योगसूत्रांत नऊ अंतराय म्हणजे योगातले अडथळे सांगितले, त्यांत स्त्यान आणि आलस्य असे दोन वेगळे धरले आहेत. त्या सूत्रांवरच्या व्यासभाष्याप्रमाणे स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता. अंग ठीक असतं, मनच उठत नाही. आलस्य म्हणजे शरीर आणि चित्त दोन्ही जड झाल्यामुळे काही करावंसं न वाटणं. हे नुसतं पांडित्य नाही, दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. मन उठत नसेल तर त्याच्याशी वाद घालत बसू नकोस. मॅटवर जाऊन ताडासनात उभी राहा, हात वर ने, तीन श्वास घे. बहुतेक वेळा पुढचं आपोआप होतं, कारण अडलेलं फक्त सुरू होण्यापाशी असतं. अंगच जड असेल तर गुन्हेगार आदल्या रात्री शोध: उशिरा जेवलीस का, कमी झोपलीस का. अशा दिवशी जोर लावून काही मिळत नाही. तो दिवस हलका घे आणि रात्र सुधार.

हलका म्हणजे किती, हे आधीच ठरवून ठेव, कारण ऐन वेळी आपण सगळेच वकील असतो. माझा स्वतःचा कमीत कमी सराव असा आहे: मार्जारासनाच्या दहा हालचाली, तीन नमस्कार, पाच मिनिटं शवासन. पंधरा मिनिटंही लागत नाहीत. ताप असेल तर तेही नाही, नुसतं पडून श्वास बघायचा. आणि शवासन गाळायचं नाही. वेळ कमी पडला की सगळे आधी त्याच्यावरच कात्री चालवतात. थकवा घालवणारं आणि चित्ताला विश्रांती देणारं आसन म्हणून हठप्रदीपिकेने त्याला मुद्दाम जागा दिली आहे.

जागा आणि वेळ यांवर फार लिहीत नाही. रात्रीच मॅट अंथरून ठेव, आणि सकाळी दात घासून झाले की सरळ तिथे जा. मधे मोबाईल नको.

बाराव्या दिवशी पुढे वाकल्यावर तळवे जमिनीला टेकले आणि तेराव्याला बोटंही टेकेनात, याचं तुला फार वाईट वाटलेलं दिसतं. याचंही नाव पतंजलींच्या त्या नऊ अंतरायांत आहे, अनवस्थितत्व: मिळालेली भूमी टिकत नाही. यात तुझा दोष शोधू नकोस. सुरुवातीच्या आठवड्यांत जी लवचीकता वाढल्यासारखी वाटते, ती बरीचशी स्नायू लांब झाल्यामुळे नसते. मज्जासंस्था तेवढा ताण सोसू द्यायला लागलेली असते, आणि झोप बिघडली, मन तंग असलं की ती परवानगी मागे घेते. सकाळ-संध्याकाळचाही फरक पडतो. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्या उठल्या पाठ ताठ असते. अंथरुणातून थेट पुढे वाकायला जाऊ नकोस. तू बाराव्याला संध्याकाळी केलंस आणि तेराव्याला पहाटे, तुलना तिथेच फसली.

ग्रुपवर रोज फोटो टाकायचा की नाही, हे तुझं तू बघ. श्लोकातला प्रजल्प मला त्यासाठीच लिहिलेला वाटतो, पण मी म्हातारी होत चालले आहे, तेव्हा तेवढं सोडून दे. एक मात्र नक्की कर. वहीत नुसती बरोबरची खूण करण्याऐवजी एक ओळ लिही. श्वास कुठे अडकला, कोणती बाजू ताठ होती, कधी उठून जावंसं वाटलं. तेरा खुणा एकमेकींसारख्याच दिसतात. तेरा ओळींमधून मला तुझी उजवी कंबर कळेल. आणि चौदाव्या रकान्यातही काही तरी लिही: "केलं नाही. रात्री एकपर्यंत जागी होते." एवढं पुरे. पण केल्याची खूण आज नाही आणि नंतरही नाही.

आणखी एक विचारायचं राहिलं. वीरभद्रासनात पुढचा गुडघा आत कलतो म्हणाली होतीस. आज आरशासमोर उभी राहून बघ, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का. नसेल तर दोन पायांतलं अंतर वीतभर कमी कर आणि काय होतं ते मला संध्याकाळी कळव.

तुझी,
ताई