उबुंटूत युजरचं नाव बदललं तर फायली जातात का?

दादाकडून आलेल्या डेस्कटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं की अजून त्याचंच नाव दिसतं, ते बदलून तुमचं टाकायचंय. पण आता तुमच्याही फायली त्यात आहेत आणि त्या उडतील अशी धास्ती वाटते, असं तुम्ही विचारलंय. नावामुळे फायली उडत नाहीत. लिनक्स फाईलचा मालक नावाने नाही, क्रमांकाने ओळखतं.

स्वतः बघा. होम फोल्डरमध्ये (खात्याच्या फायली जिथे असतात तिथे) ‘एलएस -एलएन’ चालवा (कमांड इथे देवनागरीत देतोय, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा). मालकाच्या रकान्यात बहुधा १००० दिसेल. उबुंटू बसवताना बनणाऱ्या पहिल्या खात्याला हाच क्रमांक मिळतो. नाव आणि क्रमांकाची जोडी ‘/ईटीसी/पासडब्ल्यूडी’ या फाईलमध्ये असते, साधारण अशी (दादाचं नाव अमोल धरून):

अमोल:एक्स:१०००:१०००:अमोल,,,:/होम/अमोल:/बिन/बॅश

पहिला रकाना लॉगिनचं नाव, पाचवा पूर्ण नाव, सहावा होम फोल्डर. लॉगिन स्क्रीनवरचं नाव तेवढं खुपत असेल तर सेटिंग्जमधल्या युजर्समध्ये जाऊन पूर्ण नाव बदला, देवनागरीतही चालतं. टर्मिनलमधलं नाव मात्र पहिल्या रकान्यातलं. ते बदलायला थोडी तयारी लागते.

ज्या खात्यात तुम्ही बसलात त्याचंच नाव बदलता येत नाही. त्याची एखादी प्रोसेस (मागे चाललेला प्रोग्रॅम) चालू असली तरी कमांड नकार देते. आणि उबुंटूत रूटचं (सगळे अधिकार असलेल्या मूळ खात्याचं) लॉगिन मुळात बंद असतं. म्हणून आधी सगळ्याचा बॅकअप घ्या, सेटिंग्जमधूनच एक तात्पुरतं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं उघडा, ऑटोमॅटिक लॉगिन चालू असेल तर बंद करा, मशीन रीस्टार्ट करा आणि थेट त्या नव्या खात्यात शिरा. मग या क्रमाने (‘सुडो’ म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड चालवणं; तुमचं नवं नाव स्नेहल धरलंय):

सुडो युजरमॉड -एल स्नेहल अमोल
सुडो ग्रुपमॉड -एन स्नेहल अमोल
सुडो युजरमॉड -डी /होम/स्नेहल -एम स्नेहल

पहिल्या दोन ओळींत नवं नाव आधी, जुनं नंतर. तिसऱ्या ओळीतला ‘-एम’ विसरू नका. तो नसला तर पासडब्ल्यूडीत पत्ता बदलतो आणि फोल्डर जुन्याच जागी राहतो. पासवर्ड आहे तोच चालतो.

खरी डोकेदुखी होम फोल्डरचीच. जिथे जिथे ‘/होम/अमोल’ असा पूर्ण पत्ता लिहिलेला आहे तिथे गाडी अडते: फाईल मॅनेजरचे बुकमार्क, पायथॉनचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एकेका प्रोजेक्टसाठी वेगळे ठेवलेले पायथॉनचे संच), स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट. त्यावर ‘सुडो एलएन -एस /होम/स्नेहल /होम/अमोल’ अशी लिंक करून ठेवा, जुने पत्ते चालत राहतील. क्रॉनकडे (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सेवेकडे) मात्र आवर्जून लक्ष द्या. दादाने रोजचा बॅकअप क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) लावला असेल, तर ती फाईल ‘/व्हार/स्पूल/क्रॉन/क्रॉनटॅब्स’मध्ये जुन्याच नावाने पडून राहते आणि बॅकअप गुपचूप बंद पडतो. तिचंही नाव बदला.

नव्या नावाने लॉगिन करून ‘सुडो’ चालतंय हे तपासा, चार-आठ दिवस वापरा, मगच तात्पुरतं खातं काढून टाका.