खेळाडूच्या कपाळावरचा घाम आणि पांढऱ्या रंगाची नळी

आपण विचारले आहे की, एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) खेळाडूंची व्यक्तिचित्रे जलरंगात करताना घामाच्या चमकेसाठी आणि जर्सीवरच्या आकड्यांसाठी गॉश (अपारदर्शक जलरंग), मेण किंवा रंगीत पेन्सिल वापरली तर त्या चित्राला जलरंगचित्र म्हणावे का, आणि गडद त्वचा रंगवताना ती मळकट का होते. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘अवश्य म्हणावे’ असे आहे, आणि ते देताना माझा सूर चढलेला वाटला तर त्याला एक जुने कारण आहे.

5 ऑक्टोबर 2019 रोजी मी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या एनबीए संघांचा सामना पाहिला. किंग्जचा बडी हील्ड खेळ थांबल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, की छतावरच्या अनेक दिव्यांचे निळसर पांढरे तुकडे त्याच्या कपाळावर, गालफडावर आणि खांद्यावर एकाच वेळी उमटत, आणि तो हलला की ते तुकडेही जागा बदलत. मी तिकिटाच्या पाठीवर त्यांच्या जागा टिपून घेतल्या आणि पुढचे तीन आठवडे त्या एका चेहऱ्यावर घालवले.

मास्किंग फ्लुइड (कागदाचा भाग रंगापासून झाकणारा आणि नंतर सोलून काढता येणारा द्रव) लावून पाहिले, तर त्याच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या दिसू लागल्या. घामाला एका बाजूने धारदार आणि दुसऱ्या बाजूने विरत जाणारी कड असते. म्हणून नव्या कागदावर, 300 जीएसएमच्या जाड, खडबडीत पोताच्या कोल्ड प्रेस्डवर, चमकेच्या जागी आधी पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा घासला. त्यावरून वॉश (पाणीदार रंगाचा सलग थर) गेला तेव्हा कागदाच्या उंचवट्यांवर मेण बसलेले असल्याने रंग फक्त खळग्यांत उतरला आणि ओलसर त्वचेचा पोत आपोआप मिळाला. दाढी रंगीत पेन्सिलीने केली, जर्सीवरचा 24 हा आकडा गॉशने भरला आणि उडालेल्या घामाचे थेंब टूथब्रशने शिंपडले. ते चित्र मला आजही आवडते.

एका वार्षिक प्रदर्शनाच्या जलरंग विभागासाठी मी ते पाठवले आणि ते परत आले. ज्यांच्याकडे मी चार वर्षे शिकलो ते सरच निवड समितीत होते. ते म्हणाले, “कागदाचा पांढरा ज्याला राखता येत नाही, तो नळीतल्या पांढऱ्याकडे वळतो,” आणि नेहमीप्रमाणे त्यांनी चित्रकार सा. ल. हळदणकरांच्या, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात असलेल्या, समई घेतलेल्या स्त्रीच्या जलरंगचित्राचा दाखला दिला. त्या चित्रापुढे मीही हात जोडतो. परंतु ती स्त्री स्थिर उभी आहे आणि तिच्यावर एकाच ज्योतीचा उबदार उजेड आहे. बराच वेळ धावपळ केल्यानंतर डझनभर दिव्यांखाली उभ्या असलेल्या माणसाला पांढऱ्यासाठी कागदच कोरा सोडण्याचा तोच नियम लावणे म्हणजे शिस्त नव्हे, हट्ट आहे. जर्मन चित्रकार ड्यूररने 1502 साली रंगवलेल्या सशाच्या अंगावर अपारदर्शक पांढऱ्याचे फटकारे आहेत, अमेरिकन चित्रकार सार्जंट जलरंगात मेण आणि गॉश दोन्ही वापरत असे, आणि आपल्याकडची पहाडी व राजस्थानी लघुचित्रे तर मुळातच अपारदर्शक जलरंगात आहेत. पारदर्शकतेचे हे सोवळे इंग्रजी धाटणीच्या कलाशिक्षणातून आपल्याकडे आले आणि आपण ते त्यांच्याहूनही कडकपणे पाळत बसलो.

मळकटपणाबद्दल थोडक्यात सांगतो. बहुतेक जण गडद त्वचेसाठी तयार तपकिरी रंगात काळा मिसळतात, तिथेच ती मरते. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांतून जवळजवळ काळ्यापर्यंत जाता येते, आणि प्रमाण बदलले की तोच काळा उबदार किंवा थंड होतो. दोन, फार तर तीन वॉशमध्ये गडदपणा गाठावा; वाळल्यावर जलरंग फिका पडतो, म्हणून पहिल्याच वेळी धीटपणे गडद लावावा. हनुवटीखाली जर्सीचा परावर्तित रंग येतोच. किंग्जच्या जांभळ्यासाठी मी अल्ट्रामरीन आणि क्विनॅक्रिडोन मॅजेन्टा (जांभळट गुलाबी) मिसळले, आणि तेच मिश्रण मानेच्या सावलीत अगदी पातळ करून सोडले. चमकेसाठी नुसता पांढरा गॉश लावू नये, कारण गडद त्वचेवर तो खडूसारखा दिसतो. त्यात निळ्याचा कण तरी हवाच.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मेण एकदा घासले की निघत नाही, त्यामुळे जागा चुकली तर कागद वाया जातो. गॉश अगदी शेवटी लावावा, कारण त्यावरून ओला कुंचला गेला की तो विरघळून खालच्या वॉशला दुधाळ करतो. आणि प्रदर्शनाला चित्र पाठवणार असाल तर फॉर्मवर माध्यमाच्या रकान्यात ‘जलरंग, गॉश, मेण व रंगीत पेन्सिल’ असे पूर्ण लिहा. मी तिथे फक्त ‘जलरंग’ असे लिहिले होते, आणि सरांशी इतके भांडूनही हे मात्र मी त्यांच्यापाशी कधी कबूल केलेले नाही.